नळीतला उजेड

उस्तादांच्या हातात कुठलीही पोकळ वस्तू द्यायची सोय नव्हती. दिली की संपलं. एक डोळा मिटून ते आधी तिच्यातून आभाळाकडे पाहणार. ठिबकची नळी घ्यायला नांदुऱ्याच्या दुकानात गेले, तर त्यांनी हातभर तुकडा कापून मागितला, दारात जाऊन उजेडाकडे धरला आणि आत कचरा आहे म्हणून दुकानदाराशी भांडून रिकाम्या हातानं परत आले. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी सनईवाल्याकडून सनई मागून घेतली. त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा शौकीन दिसतो, म्हणून कौतुकानं दिली. उस्तादांनी ती आरपार पाहिली आणि आत मळ साचलाय, धागा ओढून घे, असं सांगून परत केली. पुढचं सगळं लग्न त्या माणसानं आमच्याकडे पाठ करून वाजवलं.

नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्यांना नावानं कोणीच ओळखत नव्हतं. पोलिसात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, ते निवृत्तीनंतरही चिकटलं. नोकरीभर त्यांनी पोलिसांच्या बंदुका दुरुस्त केल्या आणि जवानांना त्या चालवायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर खामगावात घर बांधून बसले, पण चांदमारीच्या दिवशी त्यांना बोलावणं हमखास यायचं. चांदमारी म्हणजे पोलिसांचं गोळीबार शिकायचं मैदान. आमच्या जिल्ह्यातलं जुनं मैदान घाटावर, एका उघड्याबोडक्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. पीक राखायला ज्यांच्याकडे बंदुकीचा परवाना आहे अशा आम्हा शेतकऱ्यांना वर्षातून एखादा दिवस तिथं मिळायचा. नवी रायफल घेतली की ती तिथं न्यायची, उस्तादांनी तपासायची, चार-सहा गोळ्या मारून तिचा नेम जुळवायचा, आणि मग साहेबांची कागदावर सही. ती सही झाल्याशिवाय रायफल शेतात न्यायची नाही, अशी आमच्याकडे रीतच पडून गेली होती.

रानडुकरं काय करतात ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. एका रात्रीत एकरभर मका लोळवतात. खातात कमी, नासतात जास्त.

उस्तादांचं निशाण घरचं असायचं. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करायचं, त्यावर वाटी ठेवून गोल काढायचा आणि तो तव्याच्या काजळीनं भरायचा. छापील निशाणं पोलिसांकडे ढीगभर होती. त्यांना ती चालायची नाहीत. छापील काळं चमकते, म्हणायचे, काजळी चमकत नाही. गोळीनं पडलेली भोकं ते कणकेच्या खळीनं वर्तमानपत्राचे तुकडे लावून बुजवायचे. दुर्बीण कोणी दिली तर नको म्हणायचे. शंभर पावलं चालत निशाणापर्यंत जायचे, आम्हालाही सोबत न्यायचे आणि प्रत्येक भोकात करंगळीचं टोक घालून पाहायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याची तऱ्हा.

नेम जुळवण्याचा त्यांचा एकच मंत्र होता. नळीच्या टोकावर जो बारीक दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. गोळी डावीकडे जात असेल तर माशी उजवीकडे ढकलावी असं अडाणी माणसाला वाटतं. मलाही वाटलं होतं. उस्ताद पितळी हातोडीनं माशीला डावीकडेच टिचकी मारायचे. म्हणायचे, "गोळी चुकली तिकडंच माशी जाऊ दे. चुकीच्या मांगं मांगं गेल्याबिगर सरळ होता येत नाही बे."

बढाईखोर माणसाचं आणि त्यांचं वाकडं होतं. एकदा एक बडा बागायतदार जीपमधून आला. डोक्याला हॅट, गळ्यात काडतुसांचा पट्टा, तोंडात आजोबांनी मारलेल्या वाघाची गोष्ट. उस्तादांनी ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग त्याला रिकामी रायफल देऊन गोखरूच्या काट्यांत पालथा पाडला, नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि नाणं न पाडता घोडा दाबायला लावला. नाणं पडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं. दुपारपर्यंत हेच. तो माशी हलते म्हणून कुरकुरला, तेव्हा उस्ताद म्हणाले की माशी हालत नाही, तू हालतो. त्या दिवशी त्यानं एकही गोळी मारली नाही, आणि परत जाताना हॅट काखेत होती.

बंदूक हातात घेतली की तिची नळी कुणाकडे वळता कामा नये, रिकामी असली तरी. रिकामी म्हटलं की ते चिडायचेच. भरलेल्या बंदुकीले समदे भेतात, रिकामीनंच माणसं मेले, हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकानं पंचवीस वेळा तरी ऐकलं असेल. पण त्यांचा खरा जीव नळीत. बोल्ट म्हणजे मागची कडी काढायची, रायफल आभाळाकडे धरायची आणि मागच्या बाजूनं आत पाहायचं. आत स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. नळीत चिखल, चिंधी, अगदी गांधीलमाशीचं घर जरी असलं आणि गोळी सुटली, तर नळी फाटते आणि मारणाऱ्याचं तोंड जातं. असा एक जवान त्यांच्या डोळ्यांसमोर गेला होता. त्याचं ते फारसं सांगत नसत. नव्या नळीत एकदम गज घालणं त्यांना आवडत नसे. आधी डोळ्यानं पाहायचं, शंका आली तरच गज, म्हणजे नळी पुसायची लांब सळई.

दोन-अडीच वर्षांपासून त्यांनी आणखी एक खूळ काढलं होतं. नव्या रायफलची पहिली गोळी ते स्वतः मारणार. मालक कितीही मोठा असो. आम्हाला काडतुसं मोजून मिळतात, त्यातलं एक म्हाताऱ्याच्या हौसेला जायचं. लोक कुरकुरत. मीही कुरकुरलो होतो, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी माझी रायफल होती. नवीकोरी. आमचं शेत वडनेर भोलजीकडे. मका कणसात आला होता, आणि आठ दिवसांपूर्वी डुकरानं माझ्या थोरल्या भावाची मांडी फाडली होती. दादा खाटेवर पडून होता आणि मी नुसता धुमसत होतो. डुकरं मारायची वनखात्याची परवानगी थोड्या दिवसांची मिळाली होती. आज चांदमारीत काम झालं नाही तर पुढची तारीख कधी, देव जाणे. सकाळी निघताना मायनं रायफलची पूजा केली. आमच्या मायला घरात नवीन काही आलं की राहवत नाही. शिलाई मशीन आली तेव्हा तिनं तिचीही ओटी भरली होती. मी मोटरसायकलला किक मारत होतो, तेव्हा मागून म्हणाली, ओटी भरली तिची, आता खुशाल ने. मी हो म्हटलं. ऐकलं कोणी?

चांदमारीत पोचलो तर माझा नंबर सहावा. खुर्चीवर इन्स्पेक्टर मॅडम बसल्या होत्या. नव्यानंच बदलून आल्या होत्या, शिस्तीच्या. त्यांनी सगळ्यांसमोर उस्तादांना विचारलं की डोळ्यांचा दाखला आणला का. उस्ताद म्हणाले, दाखला कागदावर राहते मॅडम, नळी कागद वाचत नाही. आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं की आजचा दिवस ठीक आहे, पण डोळ्यांबद्दल कोणाची एक जरी तक्रार आली, तर पुढच्या वेळेपासून दुसरा माणूस. चष्म्याला बांधलेली दोरी उस्तादांनी मानेमागं घट्ट केली आणि पहिली रायफल मागितली. त्या माणसाला घरी बसवणं म्हणजे काय, ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. वर्षभर ते या एका दिवसासाठी कॅलेंडरची पानं जपून ठेवत.

पहिल्या पाच रायफली झाल्या. प्रत्येकीत पाहिलं, साफ म्हणाले, पहिली गोळी स्वतः मारली, मग मालकाला झोपवलं. काम त्या दिवशी फार सावकाश चाललं होतं. बारा वाजता मैदान बंद होणार होतं. माझा नंबर आला तेव्हा घड्याळात बाराला वीस कमी होते. माझं डोकं तापलेलं.

उस्तादांनी बोल्ट काढला, रायफल आभाळाकडे धरली आणि पाहत राहिले. नेहमी दोन क्षणांचं काम. त्या दिवशी लांबलं. त्यांनी डोळा बदलला. पुन्हा पाहिलं.

"उजेड दिसत नाही बे," ते म्हणाले.

मी सांगितलं, नवीन आहे, कालपर्यंत खोक्यात होती. ते म्हणाले, नवी असन, पण उजेड नाही. मागून कोणीतरी हळूच म्हणालं की उजेड आहे, डोळे नाहीत. दोघं-तिघं फिसकन हसले. मॅडमनी हातातल्या कागदावरून मान वर केली.

उस्तादांनी रायफल खाली घेतली आणि गजाकडे हात नेला. गज घालायचा म्हणजे आधी तो पुसणार, तेल लावणार, चिंधी गुंडाळणार. गेली पंधरा मिनिटं. माझ्या डोळ्यांसमोर दादाची मांडी आणि लोळवलेला मका. मी म्हटलं, गज नका घालू, नव्या नळीला ओरखडे पडतील, द्या इकडं, मी पाहतो. आणि रायफल त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. आभाळाकडे धरली. डोळ्यालाही लावली. पण माझं ध्यान कुठं होतं? मॅडमच्या टेबलावरच्या घड्याळात. पुरता एक क्षणसुद्धा मी आत पाहिलं नाही.

"साफ आहे," मी म्हणालो. "लख्ख."

"पाह्यलं?"

"पाह्यलं ना."

ते माझ्याकडे पाहत उभे राहिले. चेहरा असा उतरला की काय सांगू. मग फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, मंग माहेच डोळे गेले. बोल्ट परत घातला. दोरी मानेतून काढून चष्मा माझ्या हातात दिला, आणि वाळूच्या पोत्यांच्या मागे पालथे झाले. एक काडतूस भरलं.

"दहा पावलं मांगं सरा समदे," ते म्हणाले. "तू बी."

मी मागे सरलो. चष्मा हातात. त्याच्या काचा भिंगासारख्या जाड होत्या, हे तोवर मला माहीतच नव्हतं. उस्तादांनी गाल रायफलच्या लाकडी दस्त्याला टेकवला. पांढरे खुंट वाढलेला, आत बसलेला गाल. त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं की श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि त्या थांबण्यात बोट दाबायचं. त्यांची पाठ वर झाली. निम्मी खाली आली. साफ असेल, मी मनाला सांगत होतो, नवीनच तर आहे. पण नसेल तर? तो गाल माझ्या शब्दावर टेकलेला होता, आणि माझा शब्द मी घड्याळाकडे पाहून दिला होता. पाठ थांबली.

"उस्ताद, थांबा. मी पाह्यलं नाही."

मी ओरडलो की नुसता बोललो, आठवत नाही. त्यांचं बोट घोड्यावरून निघालं. ते लगेच उठले नाहीत. पडल्या पडल्या बोल्ट उघडला, काडतूस काढलं, खिशात टाकलं. मग गुडघ्यावर हात देत उठले आणि गज घेतला. मागच्या बाजूनं आत सारला. गज सरसर गेला, आणि तोंडापासून चार बोटं अलीकडे अडला. त्यांनी जोर लावला. हललं नाही. मॅडमसोबतच्या शिपायानं बुटाच्या टाचेनं गजाला दोन ठोकरा दिल्या, तेव्हा नळीच्या तोंडातून काहीतरी भदकन खाली पडलं.

घट्ट दाबलेला कापूस. त्यात कुंकवानं लाल केलेले तांदूळ आणि हळकुंडाचा तुकडा.

मला लगेच कळलं. ओटी भरायची तर पदर पाहिजे. रायफलला कुठला पदर? मायला जिथं जागा दिसली तिथं तिनं भरली, यंदाच्या पहिल्या वेचणीच्या कापसात गुंडाळून, उदबत्तीच्या काडीनं आत सारून. अगदी मनापासून. मी खाली मान घालून ते सगळ्यांना सांगितलं. कोणी हसलं नाही. उस्तादांच्या तोंडाची चाळण झाली असती, हे प्रत्येकाला दिसत होतं.

मग शिपाई म्हणाला, म्हणजे उस्तादांचंच बरोबर होतं की, आत उजेड नव्हताच. आणि एकदम सगळ्यांना ते उमगलं. ज्यानं डोळे नाहीत म्हणून टोमणा मारला होता त्यानंच आधी टाळ्या वाजवल्या. मॅडम खुर्चीवरून उठून आल्या. म्हणाल्या, उस्ताद, आता मला तुमच्या डोळ्यांचा दाखला नको, पुढच्या वर्षीही तुम्हीच. मला इतकं हलकं वाटलं. माझ्या हातून घडणाऱ्या पापाचं निदान एवढं तरी चांगलं झालं, त्यांची जागा राहिली. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं.

त्यांनी माझ्या हातातून चष्मा घेतला, घातला, दोरी बांधली.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "ह्या पोरानं चारचौघात खरं सांगतलं. आता मी खोटं कसं ठेवू? सकाळपासून सहा नळ्या पाह्यल्या. मले एकीतबी उजेड दिसला नाही. पाच जणाईले साफ म्हणून देल्या. सहाव्या बारीले जीभ नाही रेटली."

आधीचे पाचही जण आपापल्या रायफलकडे पाहू लागले. त्यांच्यातला एक चाचरत म्हणाला, पण पहिली गोळी तर तुम्हीच मारली. उस्ताद म्हणाले की मंग, मी साफ म्हणतलं होतं त दुसऱ्यानं काऊन मारायची? त्या काडतुसांसाठी आम्ही दोन-अडीच वर्षं कुरकुरत होतो. म्हाताऱ्याची हौस म्हणत होतो. लाज वाटली, दुसरं काय.

मॅडमनी त्या दिवशी पुढच्या सह्या थांबवल्या. पाचही रायफलींत शिपायाकडून गज फिरवून घेतला. उस्तादांना त्या रागानं काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी तुम्हीच, हे वाक्य परत उच्चारलंही नाही. जीपनं सोडते म्हणाल्या. उस्ताद माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा नेऊन घालते मले.

घाट उतरताना ते माझ्या मागे बसले होते. रायफलची पिशवी त्यांनी स्वतःच्या मांडीवर आडवी धरली होती. एक हात माझ्या खांद्यावर. शेवटच्या वळणाला विचारलं की थांबा म्हणायले एवढा टाइम काऊन लावला बे. मी म्हटलं, भीती वाटली. कोणाची, त्यांनी विचारलं. लोकांची, मी म्हटलं, खोटारडा म्हणतील याची.

"मले बी त्याईचीच होती," ते म्हणाले, आणि खांद्यावर एक थाप मारली.

खामगावात त्यांच्या दारात पोचलो तेव्हा त्यांच्या बायको, काकू, अंगणात तूर पाखडत होत्या. उस्तादांनी गाडीवरून उतरता उतरताच सांगून टाकलं, उद्यापासून घरीच आहो, डॉक्टरले डोळे दाखवू. काकूंनी सूप खाली ठेवलं. मी कोण, असं त्यांनी नजरेनंच विचारलं. उस्ताद म्हणाले, "ह्यानं वाचवलं मले आज. हा नसता त घरी नसतो आलो."

काकू उठून माझ्याजवळ आल्या. दोन्ही हात माझ्या चेहऱ्यावरून फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. त्यांचे डोळे भरले होते. मी तोंड उघडलं. काकू, ते तसं नाही, मीच साफ आहे म्हणालो होतो, असं अगदी ओठांपर्यंत आलं. उस्ताद खाटेवर टेकले होते. माझ्या जरा डावीकडे, जिथं मी नव्हतो तिथं पाहत ते म्हणाले की बस बे, चहा घेऊन जाय. मी बसलो. चहा घेतला.

उस्ताद गेले त्याला दोन दिवाळ्या झाल्या. काकू दर दिवाळीला अनारशांचा डबा पाठवतात, ज्यानं वाचवलं त्याच्यासाठी म्हणून. यंदाही आला. मायला त्या दिवसाचं मी काहीच सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं, इतका जीव कोण लावते तुले? मी डबा घेतला आणि देवापुढं ठेवला.